कट्टबोम्मन, शिवाजी आणि इतिहासाचा तास

इतिहासाच्या तासाला चित्रपट दाखवावा की नाही, हा वाद आता संपल्यातच जमा आहे. शिक्षकाने दाखविला नाही तरी विद्यार्थी तो घरी पाहतोच. प्रश्न उरतो तो एवढाच की, चित्रपट संपल्यावर शिक्षक काय विचारतात? बहुधा काहीच विचारीत नाहीत, आणि आमची तक्रार आहे ती नेमकी तेथे.

चेन्नईस बदलून आलेल्या मराठी कुटुंबातील मुलाला येथला इतिहास प्रथम भेटतो तो पुष्कळदा ‘वीरपांडिय कट्टबोम्मन’ या चित्रपटातून. १९५९ साली बी. आर. पंतुलु यांनी तो काढला. नायक शिवाजी गणेशन. १९६० मध्ये कैरोच्या आफ्रो-आशियाई महोत्सवात त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. कर कशाबद्दल द्यावा, असा सवाल पाळेगार कट्टबोम्मन इंग्रज कलेक्टर जॅक्सनला करतो, ते भाषण शक्ती कृष्णस्वामी यांच्या लेखणीचे. तमिळ मुले ते तोंडपाठ करून व्यासपीठावर म्हणून दाखवितात. तमिळ धड न समजणाऱ्या आमच्यासारख्यांनाही त्यातील शब्दांचा घोष पकडून ठेवतो. तथापि हे भाषण १७९८ चे नव्हे. ते स्वातंत्र्याच्या दुसऱ्या दशकातले आहे, आणि ते दशक स्वतःला काय म्हणवून घेऊ इच्छीत होते हे त्यातून उत्तम कळते. कलेक्टर आणि पाळेगार पडद्यावर समोरासमोर तमिळ बोलतात. वस्तुतः कट्टबोम्मनच्या घराण्याची बोली तेलुगू होती, आणि कंपनीच्या साहेबाचे पान दुभाष्यावाचून हलत नसे. हा दुभाष्या कोठे गेला, असे एखाद्या मुलाने वर्गात विचारले तर त्या तासाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

१७९८ साली घडले ते कचेरीत हयात घालविणाऱ्यांना चित्रपटाहून अधिक ओळखीचे वाटेल. पेशकश थकली म्हणून जॅक्सनने कट्टबोम्मनला भेटीस बोलाविले; स्वतः मात्र दौऱ्यावर राहिला. पाळेगार गावोगाव त्याच्या मागे फिरला. अखेर सप्टेंबरात रामनाथपुरम येथे गाठ पडली, ती चकमकीत संपली. लेफ्टनंट क्लार्क मारला गेला, कट्टबोम्मनचा कारभारी सुब्रमण्य पिळ्ळै कैद झाला. कट्टबोम्मनने मद्रास सरकारकडे दाद मागितली. सरकारने चौकशी समिती नेमली. तिने ठपका ठेवला तो जॅक्सनवर, आणि त्याची कलेक्टरी गेली! म्हणजे पहिला डाव पाळेगाराने जिंकला तो अर्जाने. असल्या विजयाला पडद्यावर टाळ्या कशा पडाव्यात?

मग वर्षभरातच त्याला फाशी का झाले? याचे उत्तर त्या गाजलेल्या भाषणात शोधून सापडणार नाही. ते श्रीरंगपट्टणास आहे. मे १७९९ मध्ये टिपू पडला, कंपनीची फौज मोकळी झाली, आणि सप्टेंबरात मेजर बॅनरमन पांचालंकुरिचीवर चालून आला. पुदुक्कोट्टैच्या राजाने आश्रयास आलेल्या कट्टबोम्मनला इंग्रजांच्या हवाली केले. १६ ऑक्टोबर १७९९ रोजी कयत्तार येथे तो फासावर चढला. या घटना आणि तो प्रसंग शेजारी शेजारी ठेवले, की मुलाच्या मनातील वीर लहान होत नाही. उलट तो कोणत्या कोंडीत सापडला होता हे दिसू लागते.

हे वाचून आपण मराठी माणसांनी हसू नये. चेन्नईत ‘शिवाजी’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे गणेशन उभे राहतात, हे खरे. पण ते नाव त्यांना मिळाले ते आपल्याच महाराजांमुळे: अण्णादुराईंच्या नाटकातील त्यांचा शिवाजी पाहून पेरियारांनी ते बहाल केले. राज्याभिषेकाला झालेला विरोध हा त्या नाटकाचा गाभा. भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ १९५२ चा. दोघांचे महाराज एक नव्हेत, कारण दोघांचे काळ आणि झगडे एक नव्हेत. प्रभातचा ‘उदयकाल’ तर याहून बोलका आहे. १९३० च्या त्या मूकपटाचे मूळ नाव सेन्सॉरला खपले नाही, कारण त्यात ‘स्वराज्य’ हा शब्द होता. शिवकाल शिकविण्यास तो चित्रपट कितपत उपयोगी पडेल, याची आम्हांस शंका आहे. १९३० साल शिकविण्यास मात्र त्या नामांतराएवढा चांगला धडा नाही.

खऱ्या भाषणांचीही गत वेगळी नाही. टिळकांचे १९०८ चे न्यायालयातील उद्गार मुंबईच्या उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहेत. आवाज मात्र नाही. नेहरूंचे १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्रीचे भाषण ध्वनिमुद्रित आहे. मध्यरात्री जग निद्रिस्त असल्याचे ते सांगतात, तेव्हा लंडनला संध्याकाळ होती आणि न्यूयॉर्कला दुपार. मुलांना नकाशा देऊन हे काढू द्यावे, आणि मग वक्त्याने तसे का म्हटले असावे याची चर्चा होऊ द्यावी.

कयत्तारच्या फाशीनंतर नऊच दिवसांनी, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी तह करून राज्याचा कारभार कंपनीच्या हाती दिला. पुढे त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या वंशाचा मराठी इतिहास कोरविला, आणि इंग्रजांनी नेपोलियनवर मिळविलेल्या विजयाप्रीत्यर्थ समुद्रकाठी मनोराही उभारला. त्यांच्या तोंडी घालावे असे भाषण कोणाला सुचलेले आमच्या ऐकिवात नाही. आमच्या मुलांना कट्टबोम्मन पाठ आहे, महाराज पाठ आहेत. सही करणाऱ्या या भोसल्याविषयी त्यांनी विचारले, तर त्यांना तंजावरास नेऊन ती भिंत वाचावयास लावावी. मोडी न येणाऱ्यांनाही तेथली देवनागरी वाचता येते.