कानाची साक्ष किती वेळा घ्यायची?

मोडनिंबात आमच्या ओळखीच्या दोघा साउंडवाल्यांचा वाद मिटत नाही: महागडी वायर लावली की आवाज खुलतो का? ‘कानाने ऐकलंय राव!’ हा पुरावा. पण कोणती वायर लावलीय, ते कानाच्या मालकाला आधीच माहीत होतं.

मेयर-मोरान यांनी २००७ मध्ये हाय-रिझोल्यूशन आणि सीडी-दर्जाचा आवाज ओळख झाकून ऐकवला. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर. छापा-काटाच! म्हणून ‘फरक नाहीच’ म्हणायचं? थांबा. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र केले, साडेबारा हजारांवर चाचण्या. बरोबर उत्तरं ५२.३ टक्के. इतका बारीक फरक ५५४ चाचण्यांत सहज निसटतो.

मित्रांनो, वायर तपासताना ओळख झाका, आणि किती वेळा ऐकवायचं तेही आधीच ठरवा.