आंब्याची साल आणि सोपा पेपर

मे महिन्यात रत्नागिरीत कॅनिंगच्या कारखान्यामागून गेलात तर जो आंबूस-गोड वास येतो, तो हापूसच्या सालींचा. रस डब्यात जातो, साली आणि बाठे मागे उरतात. या सालींनी कापडधंद्याचं रंगीत पाणी साफ होईल का, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे असले पेपर मी ढिगानं वाचलेत. केळं, संत्रं, फणस, डाळिंब... फळ बदलतं, पेपर तोच.

कृती अशी : साल धुवा, वाळवा, दळा, चाळा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये मेथिलीन ब्लू विरघळवा, त्यात चिमूटभर पूड टाका आणि शेकरवर ठेवा. निळं पाणी फिकं पडतं. मग लँगम्युअरचं समीकरण लावायचं (त्यांनी ते १९१८ साली काच, अभ्रक आणि प्लॅटिनमवर चिकटणाऱ्या वायूंसाठी मांडलं होतं, असो) आणि 'नव्वद टक्क्यांहून जास्त रंग निघाला' असं लिहायचं. यात खोटं काहीच नाही. मीही हेच केलं आणि फोटो आईला पाठवला.

गोम आहे ती रंगाच्या निवडीत. मेथिलीन ब्लू पाण्यात धनभारित असतो. सालीतल्या पेक्टिनचे कार्बॉक्सिल गट साध्या पाण्यात ऋणभारित होतात. दोघं एकमेकांकडे ओढले जाणारच! पण सुती कापडाला सर्रास वापरतात ते रिअॅक्टिव्ह रंग ऋणभारित असतात. साल त्यांना जवळच येऊ देत नाही. यावर तोडगा म्हणून काही जण पाण्याचा पीएच २ पर्यंत उतरवतात. रंगाईचं पाणी सोड्यामुळे आधीच अल्कधर्मी. म्हणजे अगोदर त्यात आम्ल ओता, साफ झाल्यावर ते पुन्हा उदासीन करा. इचलकरंजीतला कुठला प्रोसेस हाउसवाला हा खर्च करेल, हे पेपरात कधी येत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. कच्ची साल पाण्यात स्वतःच काहीबाही सोडते : साखर, टॅनिन, पिवळेपणा. आम्ही मोजमाप करतो ६६४ नॅनोमीटरला, तिथे हा पिवळेपणा दिसतच नाही. मी सहज म्हणून त्याच 'साफ' पाण्याचा सीओडी काढला, तर तो आधीपेक्षा वाढलेला निघाला. रंग गेला, घाण वाढली. त्या दिवशी आईला फोन केला नाही.

आणि हिशोब? लिटरमागे १०० मिलिग्रॅम रंग असेल तर एक लाख लिटर पाण्यात १० किलो रंग झाला. ग्रॅममागे १०० मिलिग्रॅम शोषणारी, म्हणजे चांगलीच म्हणायची, साल धरली तरी १०० किलो कोरडी पूड लागेल. तीही काठोकाठ भरली तर. नंतर तो रंगीत, ओला लगदा टाकायचा कुठे? बहुतेक पेपर इथे 'पर्यावरणपूरक' म्हणून थांबतात. शिवाय आंबा एप्रिल-मेचा आणि जूनला पाऊस. माझ्या दोन गोणींना बुरशी आलीच. काजूच्या टरफलांना निदान जाळायला गिऱ्हाईक आहे.

तरी विषय सोडलेला नाही. बाठ्याचा कोळसा करून बघतेय. त्यातून पिवळं पाणी सुटत नाही, पण भट्टीचं वीजबिल येतं आणि ते मी आता तक्त्यात धरते. एका प्रोसेस हाउसनं खरं सांडपाणी द्यायचं कबूल केलंय. आंबा घाट चढून कॅन मलाच आणायचे आहेत.