लिंडने नेमकं काय बदललं होतं?

पेटची किंवा नेटची तयारी करताना चलांची व्याख्या तुमची पाठ झालेली असते. संशोधक मुद्दाम बदलतो तो स्वतंत्र चल, त्याचा परिणाम म्हणून आपण मोजतो तो अवलंबी चल. व्याख्या बरोबरच आहे. पण ‘आपण काय बदललं’ हे ओळखणं किती अवघड असतं ते बघायचं असेल, तर जेम्स लिंडचा १७४७ चा प्रयोग घ्या. पुस्तकांत तो आदर्श म्हणून येतो. मला तो तितका स्वच्छ वाटत नाही.

लिंड ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर डॉक्टर होता. स्कर्व्ही झालेले १२ खलाशी घेऊन त्याने सहा जोड्या केल्या. जागा एक, रोजचं जेवण एक. हे नियंत्रित चल. उपाय मात्र प्रत्येक जोडीला वेगळा: सायडर, पातळ केलेलं सल्फ्युरिक आम्ल, व्हिनेगर, समुद्राचं पाणी, लसूण-मोहरी वगैरेंचं चाटण, आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. फळं सहा दिवसांत संपली. तोवर त्या जोडीतला एक जण कामावर रुजू झाला होता. दुसऱ्याला बाकीच्यांच्या शुश्रूषेला ठेवलं.

आता खोट कुठे आहे बघा. सगळे रोगी शक्य तितके सारखे होते असं लिंड सांगतो, आणि पुढे स्वतःच लिहितो की समुद्राचं पाणी दिलं ते दोघे सर्वात जास्त आजारी होते. म्हणजे त्या जोडीत उपायाबरोबर आजाराची तीव्रताही बदलली. ‘पाण्याचा उपयोग झाला नाही’ हा निष्कर्ष तिथेच लंगडा पडतो. अवलंबी चलाचंही माप ठरलेलं नव्हतं, ‘कामाला लायक झाला’ एवढंच. याबद्दल मी त्याला फार दोष देणार नाही. फरकच इतका मोठा होता की तो डोळ्यांना दिसला.

खरी गडबड पुढची आहे. फळातलं नेमकं काय काम करतं? आंबटपणा, असा त्या काळचा समज. पण आम्ल आणि व्हिनेगर याच प्रयोगात जवळजवळ निकामी ठरले होते! उत्तर समोर होतं, ते वाचलं गेलं नाही. उलट १७५३ च्या ग्रंथात लिंडने फळांचा रस तासन्‌तास तापवून आटवायची कृती दिली. रस टिकला, आंबटही राहिला, पण त्यातलं बरंचसं विटामिन सी गेलं. ‘फळ’ हे नाव तेच, स्वतंत्र चल मात्र बदललेला.

ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्रास द्यायला सुरुवात केली ती १७९५ मध्ये. पुढे १८६० च्या दशकात त्यांनी भूमध्य समुद्राकडचं मोठं लिंबू सोडून वेस्ट इंडीजचं छोटं लिंबू घेतलं, म्हणजे आपल्या कागदी लिंबाचीच जात. ते जास्त आंबट, म्हणून चालेल असं धरलं गेलं. त्यात विटामिन सी कमी होतं.