तांबड्या तुऱ्याची दुरुस्ती

काही वर्षांपूर्वी एका विज्ञानविषयक पुरवणीत लिहिताना मी एक वाक्य ठामपणे लिहून गेलो होतो : 'अँकिऑर्निस या डायनोसॉरच्या डोक्यावर तांबडा तुरा होता.' 'असावा' असे लिहिले नव्हते, 'होता' असेच लिहिले होते. पुराजीवशास्त्र मी कुठल्या महाविद्यालयात शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेची पदवी, हिशेबाची नोकरी आणि रात्री जागून वाचलेले शोधनिबंध एवढीच माझी शिदोरी. अशा माणसाला ठाम वाक्याचा मोह फार. ते वाक्य आज मला मागे घ्यायचे आहे. पण ते चुकले कसे, हे तपासताना डायनोसॉरांची आपल्या मनातली चित्रे तयार कशी होतात याचाही काही उलगडा झाला. तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

अँकिऑर्निस हा चीनच्या लिआओनिंग प्रांतात सापडलेला, सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वीचा, कोंबडीहूनही लहान असा पिसांचा डायनोसॉर. २०१० साली ली क्वांगुओ, याकोब विंथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या एका नमुन्याची पिसे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. पिसांना काळा, करडा, तपकिरी किंवा तांबूस रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य अतिसूक्ष्म कणांत साठवलेले असते. या कणांना मेलॅनोसोम म्हणतात. आजच्या पक्ष्यांत हे कण लांबट असले तर रंग काळ्याकडे झुकतो, गोलसर असले तर तांबूसकडे. जीवाश्मांत असे कण आधीही दिसले होते. पण ते पीस कुजवणारे जिवाणू असावेत असे मानले जाई. विंथर यांनी २००८ साली ब्राझीलमधले एक पट्टेदार जीवाश्म पीस तपासले, तेव्हा कण फक्त काळ्या पट्ट्यांत आढळले, फिक्या पट्ट्यांत नाहीत. जिवाणू काही पट्टे पाहून बसत नाहीत. त्या एका निरीक्षणाने हरवलेल्या रंगांचे दार किलकिले झाले.

त्यातून अँकिऑर्निसचे जे चित्र उभे राहिले ते देखणे होते. अंग करडे-काळे, पंखांची पिसे पांढरी आणि टोकांशी काळी, डोक्यावर तांबडा तुरा. हे चित्र जगभर गेले. त्याच्याच भरवशावर मी माझे वाक्य लिहिले.

२०१५ साली योहान लिंडग्रेन आणि सहकाऱ्यांनी अँकिऑर्निसचा दुसरा एक नमुना तपासला. त्याच्या तुऱ्यातही कण लांबट निघाले आणि रासायनिक खुणाही काळ्या मेलॅनिनच्या मिळाल्या. तांबड्याचा मागमूस नव्हता. हा फरक तपासण्याच्या पद्धतीमुळे पडला असेल, किंवा दोन प्राण्यांची वये वेगळी असतील. ते वेगवेगळ्या भागांतले असतील. कदाचित ते एकाच प्रजातीचेही नसतील. हे सगळे पर्याय खुले आहेत.

हे वाचले तेव्हा पहिला विचार मनात आला तो असा, की दोघांपैकी चुकले कोण? दुसरा विचार यायला बराच वेळ लागला : दोघेही बरोबर असले तर?

उन्हाळ्यात आंब्यावर कुहूकुहू करणारा कोकीळ काळाभोर असतो. त्याची मादी तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके असलेली. दोघांची फक्त हाडे मिळाली तर रंगांतला हा फरक त्यांवरून कुणालाही सांगता येणार नाही. आणि दोघांचे एकेकच पीस दोन संशोधकांच्या हाती पडले, तर दोघे दोन वेगळे पक्षी रंगवतील. काळा बिबट्या आणि ठिपक्यांचा बिबट्या एकाच आईच्या पोटी जन्माला येऊ शकतात. आपला राज्यप्राणी शेकरू घ्या. भीमाशंकरचे शेकरू तांबूस, फिक्या शेपटीचे. दक्षिणेकडच्या काही शेकरूंच्या पाठीवर गडद काळा रंग असतो. प्रजाती एकच. उलट वाघ आणि सिंह या दोन प्रजाती; पण कातडी काढली तर त्यांचे सांगाडे वेगळे ओळखणे जाणकारांनाही सोपे नाही.

म्हणजे 'अँकिऑर्निसचा रंग कोणता?' हा माझा प्रश्नच कच्चा होता. या प्राण्याचे शेकडो नमुने चीनमधल्या संग्रहालयांत आहेत. त्यांतल्या एकाच्या तुऱ्यावरून मी सगळ्यांना तांबडा गणवेश घालून मोकळा झालो होतो.

ही खोड माझ्या एकट्याची नाही. डायनोसॉरांच्या चित्रणाची परंपराच एका नावाला एक देह आणि एक रंग देणारी आहे. लंडनजवळ सिडनहॅम येथे १८५४ साली बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स यांनी क्रिस्टल पॅलेसच्या बागेत भव्य पुतळे उभे केले. त्यातल्या इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग आहे. १८७८ साली बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत त्याचे अनेक सांगाडे मिळाले आणि ते शिंग म्हणजे अंगठ्याचा काटा असल्याचे स्पष्ट झाले. येल विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयात रुडॉल्फ झॅलिंगर यांनी १९४३ ते १९४७ या काळात ११० फूट लांबीचे भित्तिचित्र रंगवले. त्यातले मातकट, हिरवट, मंद प्राणी पुढे कित्येक पिढ्यांच्या मनात घर करून राहिले. या जुन्या चित्रांतले रंग कल्पनेचे आहेत, हे जाणकार पाहणाऱ्याला तरी ठाऊक होते. मोठे प्राणी करडे रंगवणे सुरक्षित, असा समज होता; पण पुराव्यावाचून दिलेला करडा रंग हाही एक दावाच असतो. कॅनडातल्या अल्बर्टाच्या खाणीत मिळालेला बोरेआलोपेल्टा हा सुमारे १३०० किलो वजनाचा चिलखती डायनोसॉर २०१७ साली अभ्यासला गेला. त्याची पाठ गडद तांबूस-तपकिरी आणि पोटाकडचा भाग फिका असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

नव्या चित्रांबद्दलची माझी तक्रार वेगळी आहे. त्यांच्यामागे पुरावा आहे, आणि म्हणूनच ती अधिक जपून पाहायला हवीत. पुरावा असतो एका प्राण्याच्या काही पिसांचा. चित्राखाली नाव येते अख्ख्या प्रजातीचे. शिवाय हा पुरावा मुख्यतः मेलॅनिनचा. पक्ष्यांतले कित्येक पिवळे आणि लाल रंग आहारातून मिळणाऱ्या वेगळ्या द्रव्यांचे असतात. त्यांचे असे कण नसतात, त्यामुळे ते या तपासणीत सापडत नाहीत. चित्रात मात्र न सापडलेल्या रंगाची जागा रिकामी दिसत नाही. तिथे सापडलेला रंगच भरून टाकलेला असतो.

याला एक चांगला अपवाद आहे. फ्रँकफर्टच्या झेंकेनबर्ग संग्रहालयात सिटॅकोसॉरसचा एक नमुना आहे. पोपटासारख्या चोचीचा, शेपटीवर राठ केसांसारखी झालर असलेला हा प्राणी त्वचेसकट टिकला आहे. विंथर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली त्याचा रंगविन्यास मांडला, आणि त्यावरून बॉब निकोल्स या कलावंताने पूर्णाकृती प्रतिकृती घडवली. पाठ गडद, पोट फिके. वरून येणाऱ्या उजेडाने पोटाखाली पडणारी सावली अशा रंगाने पुसली जाते आणि प्राणी नजरेत भरत नाही. गडद-फिक्याची सीमा अंगावर किती वर किंवा खाली आहे, यावरून उजेड कसा होता याचा अंदाज बांधता येतो. इथे तो झाडीतल्या मंद, विखुरलेल्या उजेडाचा निघाला. म्हणजे कातडीवरून जंगल कळले. या प्रतिकृतीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिची मर्यादा. सिटॅकोसॉरसच्या अनेक प्रजाती आहेत, आणि हा नमुना त्यांतल्या कोणत्या प्रजातीचा हे त्या अभ्यासात निश्चित केलेले नाही. ज्याच्या रंगाबद्दल आपल्याला सर्वांत जास्त माहिती आहे अशा डायनोसॉरांपैकी हा एक, आणि त्याला प्रजातीचे नाव नाही! त्यामुळे ती प्रतिकृती प्रजातीचे चित्र होऊच शकत नाही. ती त्या एका जिवाचीच राहते.

नावांच्या बाबतीत हीच खोड उलट बाजूने दिसते. अमेरिकेत ट्रायसेराटॉप्सच्या कवट्या भराभर मिळू लागल्या, तेव्हा शिंगांच्या वळणात आणि लांबीत थोडा फरक दिसला की नवी प्रजाती जाहीर होई. अशी पंधराहून अधिक नावे जमली. १९८६ साली ऑस्ट्रॉम आणि वेल्नहोफर म्हणाले, ही सगळी एकाच प्रजातीतली विविधता आहे. १९९६ साली कॅथरीन फॉर्स्टर यांनी दोन प्रजाती मान्य केल्या. पुढे २०१४ साली माँटानातल्या हेल क्रीकच्या थरांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा एक रूप खालच्या, म्हणजे जुन्या थरांत आणि दुसरे वरच्या थरांत मिळाले. जो फरक आधी वेगळ्या प्रजातींचा आणि मग व्यक्तींचा वाटला होता, त्यातला काही भाग काळाचा निघाला. नावे देताना प्रत्येक फरकाची प्रजाती झाली, आणि चित्रे काढताना प्रजातीतला प्रत्येक फरक पुसला गेला. दोन्हीकडे विसर पडला तो एकाच गोष्टीचा : एकाच कुळातले जीव एकमेकांसारखे नसतात, आणि या नसण्यावरच उत्क्रांती चालते.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ साली जबलपूरच्या हाडांवरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. मुख्य आधार शेपटीच्या मणक्यांचा. पुढे तसे मणके जगभर मिळत गेले आणि जी खूण एका प्राण्याची मानली होती ती मोठ्या गटाची ठरली. २००३ साली विल्सन आणि अपचर्च यांनी हे नाव बाद ठरवले. त्याच अभ्यासात चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या डायनोसॉरचे नाव बदलले. जैन आणि बंदोपाध्याय यांनी १९९७ साली त्याला 'टायटॅनोसॉरस कोलबर्टी' म्हटले होते. आता तो 'आयसीसॉरस'. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा मिळते. तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले, आणि डायनोसॉरांच्या काळात गवत होते याचा भक्कम पुरावा महाराष्ट्राच्या मातीतून जगाला मिळाला.

म्हणजे या भागातल्या डायनोसॉरांच्या पोटात काय गेले ते थोडेफार हाती लागले आहे. पण आयसीसॉरसची कवटी मिळालेली नाही आणि रंगाचा तर कणही नाही. तरीही एका शाळेच्या प्रदर्शनासाठी मी त्याचा तक्ता केला होता. तपकिरी अंग, पोट जरा फिके, खाली मोठ्या अक्षरांत नाव. मुलांनी त्यावरून वहीत चित्रे काढली आणि झाडून सगळ्यांनी तपकिरी खडू उचलला. माझ्या अंदाजाची तीस-चाळीस मुलांच्या हातून माहिती झाली.

यावर चित्रकार मित्र म्हणतात, अहो, चित्राला 'बहुधा' म्हणता येत नाही. ब्रश टेकवला की रंग ठरला. हे मला पटते. पण एका रंगाऐवजी चार प्राणी तर काढता येतात! २०१२ साली जॉन कॉनवे, सी. एम. कोसेमेन आणि डॅरेन नेश यांनी 'ऑल यस्टरडेज' या पुस्तकात ठरीव चित्रणाला धक्का दिला. भविष्यातल्या एखाद्या अभ्यासकाने आजचे प्राणी फक्त सांगाड्यांवरून रंगवले तर ते किती भलतेच दिसतील, हेही त्यांनी रेखाटून दाखवले. तो धडा मला उशिरा कळला. नव्या तक्त्यात मी आयसीसॉरसचा कळप काढला. एक गडद, एक फिका, एकाच्या मानेवर पट्टे, पिल्लांच्या अंगावर ठिपके. खाली लिहिले : 'रंग काल्पनिक. हाडे डोंगरगावची. डोके त्याच्या नातलगांवरून.' तक्ता पूर्वीइतका रुबाबदार दिसत नाही, हे कबूल. पण आता त्यातले माझे किती आणि दगडाचे किती, हे कुणालाही वेगळे करता येते.

राहिली त्या जुन्या वाक्याची दुरुस्ती. ते आज मी असे लिहीन : 'अँकिऑर्निसच्या एका नमुन्यात तुरा तांबडा असल्याच्या खुणा आढळल्या, दुसऱ्या नमुन्यात आढळल्या नाहीत.' वाक्य लांबले, त्यातला ठामपणाही गेला. पण आता त्यात दोन प्राणी आहेत.