अनोळखी प्रेक्षकाची कला : मराठी पोस्टरचा एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक

पोस्टर ही जाहिरातीची दुय्यम कला समजली जाते. नाटक-चित्रपटांच्या इतिहासात तिला बहुधा तळटीपेचेच स्थान मिळते. वस्तुतः या कलेची स्वतःची एक अट आहे. ज्याला विषयाची काहीच माहिती नाही, अशा अनोळखी माणसाशी तिला क्षणभरात बोलावे लागते. या निकषावर मराठी पोस्टरकलेचा विचार करणे प्रस्तुत निबंधात अभिप्रेत आहे.

चित्राची वाट

अठराव्या शतकाच्या अखेरीस झेनेफेल्डरने शिलामुद्रणाचा शोध लावला. पुढे पॅरिसमध्ये शेरे व तूलूझ-लोत्रेक यांनी हे तंत्र रस्त्यावरच्या भिंतीपर्यंत नेले. लोत्रेकच्या १८९१ मधील ‘मूलाँ रूझ’ पोस्टरमधील सपाट रंग व ठळक आकार चालत्या माणसासाठीच होते. महाराष्ट्रात राजा रविवर्मा यांच्या १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या छापखान्याने देवादिकांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचविली. मात्र ती रोज निवांत पाहण्याची चित्रे होती. रस्त्यावरच्या चित्राला निराळे व्याकरण हवे होते.

हे व्याकरण कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) यांच्याकडे रंगभूमीवरून आले. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी ते आणि आनंदराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवीत. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही दृश्य कळले पाहिजे, हा पडद्याचा नियम पोस्टरलाही लागू पडतो. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या मूकपटाचे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी एक मानले जाते. त्या काळातील बहुतेक मूकपट नष्ट झाले आहेत. अशा वेळी जाहिरातीचा कागदच इतिहासाचा पुरावा ठरतो; ‘दुय्यम’ हे विशेषण येथे अपुरे पडते.

अक्षराची वाट

दुसरी वाट कमल शेडगे (मृत्यू २०२०) यांची. मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिराती म्हणजे पोस्टरचीच धाकटी भावंडे होत. तेथे जागा थोडी आणि रंग बहुधा एकच. ही मर्यादा शेडगे यांनी सामर्थ्यात बदलली. देवनागरीची शिरोरेषा, काना, वेलांटी यांच्या वळणांतून त्यांनी नाटकाची प्रकृती सूचित केली. पेंटरांच्या परंपरेत अक्षर चित्राची ओळख करून देते. शेडगे यांच्याकडे अक्षर हेच चित्र होते.

मालवणी किनाऱ्याचा प्रतिप्रश्न

दशावताराचा विचार करता वरील निकष अधिक स्पष्ट होतो. सिंधुदुर्गात देवळाच्या जत्रेत रात्रभर रंगणाऱ्या दशावताराला परंपरेने पोस्टरची गरज भासली नाही. जत्रेची तिथी ठरलेली, आख्यान परिचित आणि प्रेक्षक गावचाच. जेथे अनोळखी प्रेक्षक नाही, तेथे पोस्टरही नाही. मालवणी बोली मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर गेली, तेव्हा मात्र ही स्थिती बदलली. गंगाराम गवाणकर लिखित ‘वस्त्रहरण’ (१९८०) हे मच्छिंद्र कांबळी यांनी गाजविलेले नाटक पाच हजारांहून अधिक प्रयोगांपर्यंत गेले. त्याचे शीर्षक पौराणिक आणि प्रकृती प्रहसनाची. हा विसंवाद अपरिचिताला कळविणे हेच जाहिरातीचे काम होते.

आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख तिथीने नव्हे, देवीच्या कौलाने ठरते. म्हणजे ती दरवर्षी नव्याने कळवावी लागते. येथे तरी पोस्टरकलेला वाव होता. प्रत्यक्षात जिल्ह्यातील जत्रांच्या वाटेवर स्वागताचे फ्लेक्स उभे राहतात. त्यांवर शुभेच्छुकांचे चेहरे मोठे आणि जत्रेचे नाव लहान असते. हे फलक ओळखीच्या माणसाला ओळखीचाच चेहरा पुन्हा दाखवितात.

समारोप

फ्लेक्सने पोस्टर स्वस्त केले, हा त्याचा दोष नव्हे. शिलामुद्रणानेही चित्र स्वस्तच केले होते. दोष हा की, त्याने अनोळखी प्रेक्षकाचा विचार सोडला. हा विचार सुटला की फलक कितीही मोठा झाला, तरी त्यातील पोस्टर उरत नाही. म्हणूनच जुनी पोस्टरे, नाट्यजाहिराती व हस्तपत्रके यांचे जतन महाविद्यालयीन ग्रंथालयांनी करणे अगत्याचे आहे. अनोळखी माणसाला आपलेसे करण्याची रीत त्या कागदांवर नोंदलेली आहे.