गोव्याबाहेरील गोवेकराचे कर्तव्य : दोन लेखनकृतींचा विचार

स्थलांतरित माणसाचे मायभूमीशी असलेले नाते हा वाङ्मयात बहुधा ओढीचा विषय होतो; कर्तव्याचा क्वचितच होतो. ओढ व्यक्त करण्यास फारसा विचार लागत नाही. कर्तव्य सांगावयाचे, तर ते कोणाप्रत, कोणत्या अधिकाराने आणि कोठवर, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. गोव्याबाहेर राहिलेल्या गोवेकरांच्या लेखनापैकी दोन कृती ह्या दृष्टीने एकत्र वाचण्याजोग्या आहेत : शणै गोंयबाब ह्यांचे ‘गोंयकारांची गोंयाभायली वसणूक’ (१९२८) हे कोंकणी पुस्तक आणि त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा ह्यांची गोवेकरांच्या विराष्ट्रीकरणाविषयीची इंग्रजी पुस्तिका (१९४४).

शणै गोंयबाब, म्हणजे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर (१८७७–१९४६), हे मूळचे डिचोलीचे. परंतु त्यांच्या लेखनाची कर्मभूमी मुंबई. पुस्तकाच्या नावातच त्यांची भूमिका प्रकट होते. ‘वसणूक’ हा शब्द वस्ती करून राहिलेल्यांचा आहे, वाताहत झालेल्यांचा नव्हे. बाहेर पडलेला गोवेकर येथे दयेचा विषय न राहता इतिहासाचा विषय होतो. मात्र त्या वसतीस जे विशेषण लावले आहे ते ‘गोंयाभायली’ असे आहे. माणूस कोठेही स्थायिक झालेला असो, त्याच्या स्थानाचे मोजमाप गोव्यापासूनच व्हावयाचे. मुंबईतील हिंदू गोवेकर मराठीकडे आणि ख्रिस्ती गोवेकर इंग्रजीकडे झुकत असता, दोघांनाही एकाच वेळी संबोधिता येईल अशी भाषा म्हणून त्यांनी कोंकणीचा आग्रह धरला. मराठीच्या अभ्यासकाने ह्या आग्रहात केवळ मराठीविरोध पाहिला, तर त्यातील मुख्य गोष्ट त्याच्या हातून निसटेल. परगावी गेलेल्याचे पहिले कर्तव्य आपापसांत बोलता येणे हे होय, असा त्याचा आशय आहे.

कुन्हा (१८९१–१९५८) ह्यांचा मार्ग वेगळा. चांदोरचा हा अभियंता पॅरिसमध्ये शिकून १९२६ साली गोव्यास परतला आणि १९२८ साली त्याने गोवा काँग्रेस समितीची स्थापना केली. पोर्तुगीज राजवटीने धर्मांतर, शिक्षण व कायदा ह्यांच्या द्वारा गोवेकराची भारतीयत्वाची जाणीव पुसून टाकली, हे त्यांच्या पुस्तिकेचे प्रतिपादन आहे. मायभूमीविषयीच्या हळहळीस तिने राजकीय अर्थ दिला, हे तिचे श्रेय निःसंशय मोठे आहे. तथापि तिच्या युक्तिवादाची घडण रोगनिदानाची आहे. निदान करणारा एक आणि व्याधिग्रस्त समाज दुसरा, अशी विभागणी तीत आपोआप होते. गोव्यात राहणारा सामान्य मनुष्य तीत प्रामुख्याने परिणाम भोगणारा म्हणून येतो. विचार करणारा म्हणून कमी येतो.

हा दोष दाखविताना काळाचे भान सोडता कामा नये. त्या वेळी गोव्यात सभा व मुद्रण ह्यांचे स्वातंत्र्य नव्हते. १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे सभेत बोलू लागताच राममनोहर लोहिया ह्यांना अटक झाली. त्यांच्या बरोबर असलेले ज्युलियांव मिनेझिस हे असोळण्याचे असले, तरी मुंबईत वास्तव्य केलेले डॉक्टर होते. त्याच वर्षी कुन्हा ह्यांना अटक झाली; लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिश येथील किल्ल्यात ठेविले. पोर्तुगालमधून निसटल्यावर त्यांनी मुंबईतूनच कार्य केले व तेथेच त्यांचा अंत झाला. ज्या प्रदेशाचे तोंड बांधलेले आहे, त्याच्या वतीने बाहेरच्यांनी बोलणे हा अतिक्रम नव्हे. ते त्यांचे कर्तव्यच ठरते.

१९ डिसेंबर १९६१ नंतर मात्र प्रश्नाचे स्वरूप पालटले. स्वशासन म्हणजे आता परसत्तेपासून मुक्ती नव्हे, तर महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की संघप्रदेश म्हणून राहावयाचे, हा निर्णय. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० व संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. गोव्याबाहेरील गोवेकरांनाही मत असावे, ही मागणी पुढे आली होती; ती मान्य झाली नाही. ज्यांच्या मनिऑर्डरींवर घरे चालली, त्यांना निर्णयात वाटा नसावा, ह्यात अन्याय आहे असे प्रथमदर्शनी वाटते.

ह्या आक्षेपाचे मूल्य गावकारीच्या संस्थेवरून तपासता येते. गोव्याच्या गावकारीत हक्क पुरुषवंशाने येई. गावकार परगावी गेला तरी त्याचे गावकारपण संपत नसे. उलट त्याच गावात पिढ्यानुपिढ्या राबणारा मुंडकार तेथे राहूनही गावकार होऊ शकत नसे. वंशावर आधारलेला हक्क दूरस्थाला जवळ करतो, पण त्याच वेळी जवळच्याला दूर ठेवतो. जनमत कौलाने हा क्रम उलटविला : निर्णयाचे फळ ज्यास भोगावयाचे, मत त्याचे. ही कसोटी शणै गोंयबाब व कुन्हा ह्या दोघांपुढेही नव्हती. गोव्यात मतालाच अर्थ नसताना ती असणेही शक्य नव्हते. त्यांच्या विचाराची मर्यादा ती हीच, आणि तिचा दोष त्यांच्याकडे जात नाही.

मग मताधिकार नसलेल्या स्थलांतरिताकडे काय उरते? ह्याचे एक उत्तर नाट्येतिहासात सापडते. कोंकणी तियात्र १८९२ साली मुंबईत प्रथम रंगभूमीवर आला आणि तेथून गोव्यात जाऊन तेथल्या लोकांचा झाला. परगावच्यांनी एक रूप देऊ केले. ते स्वीकारणे न स्वीकारणे गावच्यांच्या हाती राहिले. जनमत कौलाच्या प्रचारात तियात्रकारांनी जो भाग घेतला तो ह्या स्वीकारानंतरचा आहे. त्याच प्रचारात विलीनीकरणाविरुद्ध मडगावचे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीतून झुंजले, हेही ध्यानात ठेवावयास हवे. भाषा आणि राजकीय निष्ठा ह्यांचे समीकरण वाटते तितके सरळ नाही.

प्रदेश मुका असेल तेव्हा त्याच्या वतीने बोलावे. तो बोलू लागला की त्याच्याशी बोलावे. कुन्हा ह्यांचे लेखन पहिल्या अवस्थेचे आहे. शणै गोंयबाब ह्यांच्या लेखनात दुसऱ्या अवस्थेची बीजे आहेत. कारण त्यांनी परगावच्या वाचकाला आधी त्याची भाषा आठवून दिली आणि निकाल सांगण्याची घाई केली नाही. गोवा १९८७ साली राज्य झाले. त्या निर्णयापर्यंतच्या वाटचालीत परगावच्या लेखनाचा वाटा ठरवावयाचा असेल, तर लेखकाचे गोव्यावर प्रेम किती होते हे पाहून भागणार नाही. गावच्या माणसाला उत्तर देण्यास त्याने आपल्या लेखनात किती जागा ठेविली, हे पाहावे लागेल.