‘नियंत्रण’ या संज्ञेची संदिग्धता

तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही संशोधन-अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी क्रांतिक झाली, २००९ मध्ये थांबविण्यात आली आणि २ मेगावॉट क्षमतेच्या नव्या रूपात १० सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा क्रांतिक झाली. अशा नूतनीकरणाविषयी मराठीत लिहिताना ‘स्वयंचलित नियंत्रण-व्यवस्थेची सुधारणा’ हा शब्दप्रयोग सहज सुचतो. तो सुटसुटीत आहे. परंतु परिभाषेच्या कसोटीस तो उतरत नाही.

कारण येथे एका शब्दाखाली दोन भिन्न कार्ये झाकली जातात. पहिले नियमनाचे. ठरविलेली व मोजलेली शक्ती यांतील अंतर पाहून नियामक दंड किंचित वरखाली केला जातो. युरेनियम-२३५ च्या विखंडनातील सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन विलंबाने बाहेर पडतात. या अल्पांशामुळेच दंडाच्या मंद हालचालीस अवसर मिळतो. दुसरे कार्य संरक्षणाचे. मर्यादा ओलांडली जाताच विद्युत्-चुंबकाचा प्रवाह खंडित होतो आणि त्याने तोलून धरलेले रोधक दंड स्वभारानेच खाली पडतात. शब्दार्थाने पाहता ‘स्वयंचलित’ हे विशेषण या पतनालाच अधिक शोभते. पहिल्या कार्यास ‘स्वयंनियामक’ म्हणणे युक्त होय.

हा भेद केवळ कोशकारांच्या चर्चेचा विषय नव्हे. जुन्या ॲनालॉग मंडलांच्या जागी संगणक आला की त्याचे महत्त्व वाढते. मापनाचे तीन मार्ग ठेवून त्यांपैकी दोहोंचा कौल ग्राह्य धरण्याची पद्धत प्रचलित आहे. मात्र तिन्ही मार्गांत एकच आज्ञावली असल्यास तीमधील चूक तिन्ही ठिकाणी एकाच वेळी उद्भवू शकते. साक्षीदार तीन, पण त्यांना पढविणारा एक, अशी ती अवस्था होय. म्हणूनच संरक्षण-व्यवस्था नियमन-व्यवस्थेपासून स्वतंत्र राखावी लागते. एकीतील दोषाने दुसरी निकामी होता कामा नये.

‘नियंत्रण सुधारले’ एवढेच वाचणाऱ्यास या दोहोंपैकी काय बदलले, हे कळत नाही; आणि जे कळत नाही त्याविषयी प्रश्नही विचारता येत नाही. ‘नियंत्रण’ ही व्यापक संज्ञा अवश्य ठेवावी. तिच्या पोटात ‘नियमन’ आणि ‘संरक्षण’ या संज्ञा मात्र काटेकोरपणे वेगळ्या योजाव्यात. यंत्रात जे अलग ठेवणे आवश्यक, ते भाषेने एकत्र करू नये.